नक्षीकामात स्वतःची शैली कशी सापडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापड, भिंतकागद, वेष्टनाचा कागद, वह्यांची मुखपृष्ठे अशा पृष्ठभागांसाठी पुन्हा पुन्हा उमटणारी नक्षी काढणाऱ्यांकडून शैलीविषयी जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, मधले काम विकू लागलेल्यांचे आणि शेवटचे अशा लोकांचे, ज्यांना शैली सापडली खरी, पण आता तिचीच अडचण होऊ लागली आहे. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न मांडता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘स्वतःची शैली’ म्हणजे नेमके काय? ठरावीक रंग किंवा ठरावीक विषय म्हणजेच शैली का?

शैली म्हणजे काम करताना तुम्ही वारंवार आणि बहुधा नकळत एकाच पद्धतीने घेतलेले निर्णय. फुले काढणारे असंख्य आहेत, त्यामुळे फुले हा विषय झाला. जलरंग हे माध्यम झाले आणि मोरपंखी व गेरू ही रंगांची आवड झाली. या तिन्ही गोष्टी उद्या दुसऱ्या कोणीही उचलू शकतो. विषय बदलला, रंग बदलले, नाव झाकले आणि तरीही तुमचे काम नेहमी पाहणाऱ्याने ते क्षणात ओळखले, तर त्याने जे ओळखले ती तुमची शैली होय. ही कसोटी कठोर आहे हे मान्य, पण सौम्य कसोट्या लावल्या तर दर सहा महिन्यांनी नवी शैली ‘सापडते’ आणि हाती काहीच राहत नाही.

२. मग नक्षीत शैली दिसते कुठे? मोटिफ, म्हणजे नक्षीतल्या मूळ आकृत्या, जितके वेगळे, तितकी शैली वेगळी, असेच ना?

माझ्या मते मोटिफमध्ये ती सर्वांत कमी असते, आणि बहुतेक जण शोध मात्र तिथूनच सुरू करतात.

तीन नावे समोर ठेवून पाहा. विल्यम मॉरिस, जोसेफ फ्रँक आणि ल्युसिएन डे या तिन्ही नक्षीकारांनी वनस्पतींतून पुष्कळ नक्षी काढली. मॉरिसच्या कापडांत पाने, फांद्या आणि पक्षी एकमेकांत गुंतून एक अदृश्य जाळी तयार होते. मोठ्या पानांच्या मागे लहान पानांचा दुसरा थर असतो आणि मागची जागा कोरी अशी फार थोडी उरते. फ्रँक याने १९३४ पासून स्वीडनमधील ‘स्वेन्स्क्ट टेन’ या गृहसजावटीच्या कंपनीसाठी काम केले. त्याच्याकडे एकाच फांदीवर निरनिराळ्या जातींची फुले उमलतात, आणि ते झाड कोणत्याही बागेत सापडणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. डे यांची ‘कॅलिक्स’ ही नक्षी १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या प्रदर्शनात मांडली गेली. तिच्यात फुलाचे फूलपणच काढून घेतलेले आहे. बारीक रेषांना टेकलेले वाटीसारखे आकार उरतात आणि त्यांच्यामधली हवा आकारांइतकीच महत्त्वाची ठरते. विषय तिघांचा एक, पण तिघांची कामे एकमेकांशी कधीच गल्लत होण्यासारखी नाहीत.

हा फरक पडतो कुठे? पहिली जागा म्हणजे जमीन, म्हणजे आकृत्यांच्या मागे उरणारी कोरी जागा. ती किती ठेवायची आणि तिला स्वतःचा आकार येऊ द्यायचा की नाही, हा निर्णय प्रत्येक नक्षीत घ्यावाच लागतो. त्यानंतर येतात कडा: त्या कापल्यासारख्या स्वच्छ आहेत, की कोरड्या कुंचल्याच्या, की शाई किंचित पसरल्यासारख्या. मग सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकाराचे प्रमाण, आकृत्यांची दिशा, आणि त्या एकमेकींना स्पर्श करतात, झाकतात की अंतर राखतात. शेवटची जागा सहसा नजरेतून सुटते, ती म्हणजे तुम्ही काय कधीच काढत नाही. एखाद्याच्या शंभर नक्षींत एकही बाह्यरेषा नसेल, तर ते न काढणे हीसुद्धा त्याची शैलीच आहे.

३. मला हे काम सुरू करून जेमतेम सहा महिने झाले आहेत. आत्ताच शैली ठरवून घ्यावी का?

नाही. ज्या निर्णयांचा उल्लेख पहिल्या उत्तरात आला, ते वारंवार घेतले गेल्याशिवाय त्यांत काही सातत्य आहे की नाही हे कळण्याचा मार्गच नाही. या टप्प्यावर ठरवलेली शैली बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाची तरी असते. तूर्त रिपीट, म्हणजे नक्षीचा पुन्हा पुन्हा उमटणारा तुकडा, जोडायला शिका, रंगांची संख्या आवरायला शिका आणि नक्षी पूर्ण करण्याची सवय लावा. अर्धवट सोडलेल्या पन्नास फाइलींपेक्षा पुऱ्या केलेल्या पंधरा नक्षी पुढच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जास्त उपयोगी पडतील.

४. माझ्याकडे बरेच काम साठले आहे, पण त्यातून शैली शोधायची कशी हे कळत नाही. नेमके काय करावे?

आपल्या कामातून वीस नक्षी बाहेर काढा: दहा आवडत्या आणि दहा नावडत्या. नावडत्या नक्षी वगळण्याचा मोह टाळा, कारण सवयी त्यांतच अधिक उघड्या पडतात. सर्व नक्षी एकाच मापाच्या कागदावर कृष्णधवल छापा, भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि दोन-तीन मीटर मागे जाऊन पाहा. रंग गेले आणि अंतर वाढले की मोटिफचे लाड संपतात आणि फक्त रचना दिसू लागते. मग दुसऱ्या प्रश्नातल्या जागा एकेक करून तपासा आणि आढळलेले आकडे लिहून काढा. ‘जमीन बरीच मोकळी’ असे लिहू नका, ‘वीसपैकी चौदा नक्षींत जमीन अर्ध्याहून जास्त’ असे लिहा.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा माझी ओळख फिकट, धुरकट रंगांत आहे अशी माझी खात्री होती. रंग काढून टाकल्यावर भिंतीवर दोनच गोष्टी दिसल्या. वीसपैकी सतरा नक्षींत सगळे देठ खाली डावीकडून वर उजवीकडे झुकलेले होते, जणू सगळ्या बागेवर एकाच बाजूचा वारा सुटला आहे. आणि जवळपास सर्व नक्षींत एकही आकृती दुसरीला चिकटत नव्हती. प्रत्येकीभोवती करंगळीच्या नखाएवढी कोरी पट्टी राखलेली होती, पाने कितीही दाट असली तरी.

येथे सवय आणि शैली यांत फरक करावा लागतो, आणि या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. फरक कळण्याचा मार्ग सोपा आहे: ती गोष्ट मुद्दाम मोडून पाहायची. मी अर्ध्या देठांचा कल उलटा केला, तेव्हा नक्षी सुधारली. तो झुकाव म्हणजे केवळ उजव्या मनगटाचा सोयीचा फेर होता, त्यात निवड अशी नव्हतीच. मग मी पाने एकमेकांवर चढवली, कोरी पट्टी घालवली, आणि नक्षी मेली. चुकीचे त्यात काही नव्हते, पण ती कोणाचीही असू शकली असती. जे मोडल्यावर काम सुधारते ती सवय, ती सोडावी. जे मोडल्यावर कामाचा जीव जातो तिथे शैलीचे मूळ असते. ते सापडले की पुढच्या आठ-दहा नक्षींत तीच एक गोष्ट मुद्दाम ताणून पाहावी: पट्टी दुप्पट करा, तिला रंग द्या, तीच आकृती समजून पाने तिच्याभोवती रचा. शैली एका दुपारच्या पाहणीत सापडत नाही. पाहणीत धागा सापडतो, आणि तो ओढण्याचे काम त्यानंतरच्या नक्षींत होते.

५. आवडत्या डिझायनरच्या कामाची नक्कल करून शिकावे का? त्याने माझी शैली कायमची बिघडेल का?

शिकण्यासाठी खुशाल करा, फक्त ते काम स्वतःचे म्हणून दाखवू अथवा विकू नका. मॉरिससुद्धा लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील जुनी कापडे तासन्‌तास अभ्यासत असे. नक्कल करताना मोटिफ गिरवण्यात वेळ घालवू नये, रचना उलगडावी. रिपीटचा चौकोन नेमका कुठे सुरू होतो, तो सांधा कशाखाली लपवला आहे, नजर पहिल्यांदा कुठे टेकते आणि तिथून कुठे सरकते, हे कागदावर आखून काढावे. शैली बिघडते ती एकाच माणसाकडून सारे काही घेतल्यामुळे. एकाकडून जमीन, दुसऱ्याकडून कडा आणि तिसरे एखाद्या अगदी वेगळ्या क्षेत्रातून, म्हणजे नकाशे, विणकाम किंवा यंत्रांचे आराखडे यांतून घेतले, की ते मिश्रण हळूहळू तुमचे होऊ लागते.

६. मला एका बाजूला नाजूक फुले आवडतात आणि दुसऱ्या बाजूला ठळक भौमितिक आकार. एकच निवडणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण या दोन्हींत समान काय आहे, हे सांगता आले पाहिजे. माया इसोला या ‘मारिमेक्को’ या फिनलंडच्या कापड कंपनीच्या डिझायनरने पाचशेहून अधिक नक्षी केल्या आणि त्यांत विषयांचे बंधन जवळजवळ नाही. १९५६ ची ‘किवेत’ म्हणजे कात्रीने कापलेले मोठे गोलसर दगड. १९६४ ची ‘उनिक्को’ म्हणजे खसखशीची प्रचंड फुले, आणि तीही कंपनीच्या संस्थापिका आर्मी रातिया यांनी फुलांच्या नक्षी नकोत असे जाहीर केल्यानंतर काढलेली. दगड आणि फूल यांत विषयाचे काहीच साम्य नाही. तरीही सपाट रंगाचे मोठे आकार, छायांकनाचा अभाव आणि माणसाला ओलांडून जाणारे माप दोन्हींत तसेच आहे. तुमची फुले आणि तुमचे त्रिकोण यांना चौथ्या प्रश्नातील भिंतीवर शेजारी लावा. काहीतरी समान निघाले, तर दोन्ही ठेवा. काहीच निघाले नाही, तर त्या सध्या दोन वेगळ्या व्यक्तींच्या वह्या आहेत असे समजून एकीला वर्षभर विश्रांती द्या.

७. रंग कायमचे ठरवून टाकले तर शैली लवकर ओळखू येईल ना?

लवकर येईल, पण ती ओळख तुमच्या हातात राहणार नाही. छापील नक्षी विकली गेली की ग्राहक तिचे तीन-चार रंगपर्याय मागतो, आणि पुष्कळदा ते रंग त्याच्याच यादीतले असतात. स्क्रीन छपाईत, म्हणजे जाळीतून रंग दाबून केलेल्या छपाईत, प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते, त्यामुळे बारा रंगांची नक्षी सहा रंगांत बसवण्याची मागणीही नेहमीचीच आहे. ज्या नक्षीचे सारे वैशिष्ट्य एका गुलाबी छटेत आहे, ती या वाटेत हरवते.

रंग ठरवण्याऐवजी रंगांचे नाते ठरवा. जमीन सर्वांत गडद ठेवायची की सर्वांत फिकी, शेजारच्या रंगांत गडद-फिक्याचा फरक किती, आणि एखादा खटकणारा रंग अगदी थोड्या जागेत ठेवायचा की अजिबात नाही, हे नाते सांभाळले तर निळ्याचे पिवळे झाले तरी नक्षी तुमचीच राहते. चित्रकार सोन्या दलोने यांच्या कामात हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या कापडांत रंग पुष्कळ बदलतात, पण रंगांची एकमेकांशी होणारी टक्कर तीच राहते.

८. रिपीटची पद्धत हा तांत्रिक भाग आहे. त्याचा शैलीशी काय संबंध?

चित्रकार आणि नक्षीकार यांच्यात फरक पडतो तो नेमका याच ठिकाणी. चित्राला चौकट असते आणि नक्षीला ती नसते. त्यामुळे एका चौकोनात काय काढले, यापेक्षा तो चौकोन शेजारच्याला कसा भेटतो यावर पाहणाऱ्याचा अनुभव जास्त अवलंबून असतो. गणिताच्या दृष्टीने सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीची सममिती केवळ १७ प्रकारांची असू शकते, आणि हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव याने १८९१ मध्येच सिद्ध केले. असे असूनही जगातल्या नक्षी संपत नाहीत, याचे कारण त्या १७ सांगाड्यांवर अंतर, वजन आणि लय भरण्याचे स्वातंत्र्य अमर्याद आहे.

सरळ रिपीटमध्ये आकृत्या उभ्या-आडव्या रांगांत येतात. हाफ-ड्रॉपमध्ये शेजारचा उभा पट्टा रिपीटच्या अर्ध्या उंचीने खाली सरकतो. हाफ-ड्रॉप लावला की रांगा मोडतात अशी समजूत आहे, आणि मीही अनेक वर्षे तीच बाळगून होतो. एकदा विखुरलेल्या पानांची एक नक्षी ३२ सेंटिमीटरच्या हाफ-ड्रॉपमध्ये बसवली. संगणकाच्या पडद्यावर ती निर्दोष दिसत होती. छापलेला तागा लांब मेजावर उलगडला, तेव्हा चार पावलांवरून पानांऐवजी जिना दिसू लागला. एकच पान बाकीच्यांपेक्षा थोडे गडद होते, आणि दर रिपीटला ते तिरप्या ओळीत पायरीसारखे चढत गेले होते. हाफ-ड्रॉपने रांग मोडली नव्हती, फक्त तिरकी केली होती. तेव्हापासून कोणतीही नक्षी किमान चार-चार रिपीटच्या मांडणीत, छोट्या मापात, डोळे बारीक करून पाहिल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही.

आता शैलीचा मुद्दा. काही डिझायनर अशी तिरकी ओळ लपवण्यासाठी धडपडतात, तर काही तिलाच नक्षीचा कणा करतात. काहींना सांधा कधीच कळू नये असे वाटते, काहींच्या कामात तो चौकोन अभिमानाने दिसतो. या प्रश्नावर तुमचा कल कोणता हे कळले, तर शैलीचा निम्मा शोध संपला असे मी म्हणेन. एक व्यावहारिक सूचना: रोटरी स्क्रीनचा, म्हणजे छपाईच्या फिरत्या नळकांड्याचा, परीघ बहुतेक ठिकाणी ६४ सेंटिमीटर असतो. म्हणून रिपीटची उंची ६४, ३२ किंवा १६ अशी ६४ ला पूर्ण भाग जाणारी ठेवावी लागते. जिला श्वास घ्यायला ४० सेंटिमीटर लागतात, अशी मांडणी तुमची ओळख असेल, तर ती ३२ मध्ये कोंबण्यापेक्षा ६४ मध्ये मोकळी करावी.

९. हाताने काढावे की संगणकावर? कोणत्या पद्धतीत शैली अधिक उमटते?

दोन्हींत सारखीच. साधन बदलल्याने कडा बदलतात, आणि कडा हा शैलीचा एक भाग आहे (प्रश्न २), त्याहून जास्त काही होत नाही. संगणकावर एक धोका मात्र खरा आहे: एकच पान काढून त्याच्या प्रती फिरवत राहणे. डोळ्याला ते लगेच कळते, जरी नेमके काय खटकते हे पाहणाऱ्याला सांगता आले नाही. बारा पानांची जागा असेल तर निदान पाच वेगळी काढावीत.

१०. माझ्या नक्षीत फक्त पट्टे आणि ठिपके असतात. त्यात वेगळी शैली कशी असणार?

हा या यादीतला मला सर्वांत आवडणारा प्रश्न, कारण येथे लपायला मोटिफच नसतो. ‘मारिमेक्को’च्याच डिझायनर वुओक्को नुर्मेस्निएमी यांची ‘पिक्कोलो’ ही १९५३ ची नक्षी म्हणजे केवळ उभे पट्टे आहेत. पण ते कुंचल्याने ओढलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या कडा किंचित थरथरतात, आणि दोन रंग एकमेकांवर येतात तिथे तिसरा रंग तयार होतो. पुढे १९५६ मध्ये ‘योकापोइका’ हा सदरा याच पट्ट्यांचा निघाला आणि तो आजही ओळखला जातो.

पट्ट्यांच्या नक्षीत विचारायचे प्रश्न असे: पट्टा आणि मधली जागा यांचे प्रमाण समान आहे का, नसल्यास डोळा कशाला पट्टा समजतो आणि कशाला जमीन? एकसारखेपणा पूर्ण आहे की दर सातव्या पट्ट्याला मोडतो? ठिपक्यांची केंद्रे जाळीवर अचूक बसली आहेत, की हाताने ठेवल्यासारखी थोडी सरकलेली? ठिपक्याचा व्यास तोच ठेवून फक्त अंतर बदलत दहा चौकोन काढा. त्यांतला एक तुम्हाला इतरांपेक्षा नक्कीच अधिक ‘बरोबर’ वाटेल. दुसऱ्या डिझायनरला तेच दहा दाखवा, तो बहुधा वेगळा निवडेल.

११. चालू ट्रेंडप्रमाणे काम करावे की आपल्या शैलीला धरून राहावे?

ट्रेंड बहुतेक वेळा विषय आणि रंग सांगतो: या हंगामात अळंबी, पुढच्या हंगामात शंखशिंपले. शैली त्याखालच्या थरात असल्यामुळे दोन्हींत संघर्ष व्हायचे कारण नसते. अळंबी काढा, पण तुमच्या अंतराने, तुमच्या कडांनी. संघर्ष होतो तो ट्रेंड पद्धतीचाच असतो तेव्हा, म्हणजे सर्वत्र बारीक दाट नक्षी चालू आहे आणि तुमचे काम मोठे व मोकळे आहे, अशा वेळी. तो हंगाम सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्यापेक्षा ते काम चांगले करणारे आधीच रांगेत उभे असतात.

१२. पोर्टफोलिओत किती नक्षी ठेवाव्यात आणि त्या सगळ्या एकसारख्या दिसायला हव्यात का?

संख्येपेक्षा संग्रह महत्त्वाचा. एक मुख्य नक्षी, तिच्या सोबतीला दोन-तीन मध्यम वजनाच्या, आणि दुरून एकरंगी भासतील अशा काही बारीक पूरक नक्षी, असा एक संच गणला जातो. असे दोन-तीन पूर्ण संच सुट्या चाळीस नक्षींपेक्षा अधिक बोलतात. शैलीची खरी परीक्षा पूरक नक्षींत होते. मुख्य नक्षीवर प्रत्येक जण जीव ओततो, पण बारीक ठिपक्यांची जोडनक्षी पुष्कळदा कोणाचीही असते. तिच्यातही तुमचा हात दिसला, तर जाणकार ग्राहक तिथेच थांबतो.

१३. मी एका कंपनीत नोकरी करते आणि तिथे कंपनीच्या शैलीत काम करावे लागते. माझी शैली हरवेल का?

हरवणार नाही, मात्र भुकेली राहील. दुसऱ्याच्या शैलीत रोज काम केल्याने हात तयार होतो आणि आपल्याला काय जड जाते हेही समजते. ज्या ठिकाणी तुम्हाला वारंवार ‘हे आपल्यासारखे वाटत नाही’ असे सांगून दुरुस्ती करायला लावली जाते, त्या दुरुस्त्यांची नोंद ठेवा. त्या यादीत तुमची शैली जवळजवळ तयार लिहिलेली सापडेल. नोकरीबाहेर स्वतःचे काम करण्यापूर्वी करार नीट वाचा. नोकरीत असताना काढलेल्या नक्षींचे हक्क सहसा कंपनीकडे जातात, आणि काही करारांत फावल्या वेळेतील कामाविषयीही अटी असतात.

१४. माझे काम एका प्रसिद्ध डिझायनरसारखे दिसते असे लोक म्हणतात, पण मी तिचे काम पाहिलेही नव्हते. काय करावे?

दोन्ही कामांचे कृष्णधवल छाप शेजारी लावा आणि साम्य नेमक्या कोणत्या जागी आहे ते शोधा. साम्य विषयात किंवा रंगात असेल, तर लोक वरवर पाहत आहेत. रंग बदला आणि पुढे चला. साम्य अंतर, कडा आणि प्रमाण या तिन्हींत असेल, तर बहुधा तुम्हा दोघांची प्रेरणा एकच आहे. अशा वेळी तिच्यापासून दूर पळण्यापेक्षा ज्या एका बाबतीत तुम्ही तिच्याहून वेगळे आहात, ती वाढवणे सोपे जाते. सगळेच बदलून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. घाईघाईने केलेला बदल लगेच ओळखू येतो.

१५. कोणी माझी शैली उचलली, तर कायद्याने अडवता येते का?

शैली म्हणून अडवता येत नाही. बौद्धिक संपदेविषयीच्या ‘ट्रिप्स’ करारातील अनुच्छेद ९(२) प्रमाणे कॉपीराइट अभिव्यक्तीला मिळतो, कल्पनेला किंवा पद्धतीला नाही. ‘प्रत्येक पानाभोवती कोरी पट्टी’ ही पद्धत झाली आणि ती कोणीही वापरू शकतो. मात्र तुमची विशिष्ट नक्षी, तिची मांडणी आणि रेखाटन जसेच्या तसे किंवा किरकोळ फेरफार करून घेतले गेले, तर दाद मागता येते. याशिवाय अनेक देशांत नक्षीची स्वतंत्र नोंदणी होते. मॉरिसने आपली ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही नक्षी १८८३ मध्येच नोंदवून घेतली होती. रेखाटने, तारखा आणि थर शाबूत असलेल्या मूळ फाइली जपून ठेवा, आणि प्रत्यक्ष वादाच्या वेळी आपल्या देशातील वकिलाचा सल्ला घ्या, कारण बारकावे देशागणिक बदलतात.

१६. चित्र तयार करणाऱ्या एआयला माझ्याच जुन्या नक्षी देऊन माझ्या शैलीत नव्या काढून घेतल्या तर?

तयार होणाऱ्या चित्रात तुमची पाने आणि तुमचे रंग बहुधा असतील. रिपीटचा सांधा आणि जमिनीचा आकार मात्र तपासून पाहा, गडबड बहुतेक तिथेच निघते. खरी अडचण वेगळी आहे. ते साधन तुमच्या सवयी आणि तुमची शैली यांत फरक करत नाही (प्रश्न ४). माझ्या सतरा नक्षींतले झुकलेले देठ त्याने अत्यंत निष्ठेने पुन्हा काढले असते. विक्रीच्या दृष्टीनेही सावध राहावे. अमेरिकेसह काही देशांत मानवी निर्मिती नसलेल्या कामाला कॉपीराइट मिळत नाही, आणि ग्राहकांच्या करारांत याविषयी अटी असू शकतात.

१७. शैली सापडली, लोक ओळखू लागले, आणि आता मला तिचाच कंटाळा आला आहे. ती बदलली तर ग्राहक जातील का?

काही जातील. प्रथम कंटाळा कशाचा आहे ते वेगळे करून पाहा. विषयाचा असेल तर विषय बदला, रंगांचा असेल तर रंग. त्याने शैलीला धक्का लागत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. कंटाळा मागणीचा असेल, म्हणजे ग्राहक पाच वर्षांपूर्वीचीच नक्षी नव्या नावाने मागत असतील, तर तीच नक्षी नव्या रंगांत देऊन नवे काम वेगळ्या संचात दाखवावे. काही जण त्यासाठी वेगळे नावही घेतात. दोन नावे सांभाळण्याचा हिशेब आणि पत्रव्यवहार दुप्पट होतो, तेवढी तयारी असेल तरच त्या वाटेला जावे.

कंटाळा खुद्द शैलीचा असेल, म्हणजे ते अंतर, त्या कडा आता खोट्या वाटत असतील, तर ल्युसिएन डे यांचे उदाहरण उपयोगी पडेल. पंचवीस वर्षे छापील कापडांत यश मिळाल्यावर १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी औद्योगिक नक्षीकाम थांबवले आणि रेशमाचे लहान तुकडे जोडून भिंतीवर लावण्याची एकेकच कामे करू लागल्या. तिथे रिपीट नव्हता, गिरणी नव्हती, रंगपर्यायही नव्हते. असा बदल करायचा असेल तर चालू करार पूर्ण करून, जुन्या नक्षींचे परवाने तसेच चालू ठेवून करावा. नवे काम पहिल्या वर्षी फारसे विकले जात नाही, आणि तेवढ्या काळात जुन्या नक्षींच्या मानधनावर खर्च भागतो.

१८. वीस नक्षींचा तो प्रयोग मी केला, पण काहीही समान निघाले नाही. याचा अर्थ मला शैलीच नाही का?

बहुधा तुमच्या वीस नक्षी वीस वेगवेगळ्या ग्राहकांसाठी किंवा स्पर्धांसाठी काढलेल्या आहेत. असे असेल तर त्या बाजूला ठेवा आणि कोणी न मागितलेले काम पाहा: वहीच्या समासातल्या रेघोट्या, फोनवर बोलताना काढलेले आकार, वेष्टनावर सहज रंगवलेले काहीतरी. तिथे निर्णय कोणाला दाखवण्यासाठी घेतलेले नसतात. तेही हाताशी नसेल, तर एकच मोटिफ घ्या आणि तो तीस दिवस, रोज एका नव्या रिपीटमध्ये, एकाच रंगात मांडा. आठव्या-दहाव्या दिवशी सुचलेले सारे प्रकार संपतात आणि हात चिडतो. अकराव्या दिवसापासूनच्या नक्षी जपून ठेवा. भिंतीवर लावायच्या त्याच.